आठव्या नंबरचे दोन्ही गुडघे

शनिवार, ५ एप्रिल. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. आपण चॅम्पियन झालो की लोक विचारणार, हे सगळं तुमच्या डोक्यात आलं कसं? तेव्हा आठवत बसायला नको, एवढ्यासाठीच.

काल बास्केटबॉलची लीग संपली. आपण पहिले. चाळीसपैकी तेहतीस मॅच जिंकल्या. आता प्लेऑफ, आठ टीम. यंदा नवा नियम आलाय. पहिल्या नंबरच्या टीमने पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा. सहावा, सातवा किंवा आठवा. सोमवारी दुपारी बाराच्या आत लीगच्या ऑफिसात पत्र पोचलं पाहिजे. मग पाच मॅचची मालिका. आधी तीन जिंकेल तो पुढे, दुसरा घरी.

सरांनी बोलावून विचारलं, कोणाला घ्यायचं? सर म्हणजे आमचे हेड कोच, क्लबात सव्वीस वर्षं. टॉवेलची घडी घालत विचारलं. मग त्याच सुरात म्हणाले, क्लबच्या मालकीणबाईंचा निरोप आलाय, पहिल्याच फेरीत बाहेर पडलो तर पुढच्या वर्षी नवा कोच. टॉवेल खाली ठेवला, परत उचलला, परत तीच घडी घातली.

मला वाईट वाटलं. दहा वर्षांपूर्वी मी क्रीडासाहित्याच्या दुकानात लोकांच्या मापाचे बूट शोधून द्यायचो. तिथून उचलून मला व्हिडिओ विश्लेषक सरांनीच केलं. दुसऱ्या कोणी केलं नसतं, असं ही म्हणते. ही म्हणजे बायको.

संकल्प: दोन दिवस डोळ्यांत तेल घालून काम. चहा फक्त तीन कप.

रविवार, ६ एप्रिल. दुपार

पाच कप झाले. तरी काम उत्तम.

माझी पद्धत इथे एकदा लिहून ठेवतो. मॅच सगळं जग बघतं. मी शिट्टीनंतरचं बघतो. रेफरीने शिट्टी मारली, खेळ थांबला, की खेळाडू बेसावध होतो. तेव्हा तो कसा चालतो, कमरेवर हात ठेवतो का, गुडघा चोळतो का, यात सगळं येतं. म्हणून मी शिट्टीनंतरचे आठ-आठ सेकंदांचे तुकडे काढतो आणि तेवढेच बघतो. एका फोन नंबरासाठी कोणी अख्खी डिरेक्टरी वाचत नाही.

सहावा नंबर: शिट्टीनंतरही पळतात. नको. सातवा: शिट्टीनंतर भांडतात. भांडायला अंगात जोर लागतो. नको.

आठवा: सोनं. शेवटच्या सहापैकी पाच मॅच हरलेत. त्यांचा सेंटर पावणेसात फूट उंच, सगळे त्याला खांब म्हणतात. तो चक्क लंगडतोय. सहा मॅचमध्ये एकेचाळीस वेळा. तेवीस वेळा डाव्या पायाने, अठरा वेळा उजव्या.

यावर थोडा वेळ विचार केला. निष्कर्ष: दोन्ही गुडघे गेलेत. अपेक्षेपेक्षा चांगलं.

शिवाय आठव्या नंबरचा कोच म्हणजे हिचा धाकटा भाऊ. माझा मेहुणा. अकरा वर्षांचा होता तेव्हापासून बघतोय. बास्केटबॉल त्याला मी शिकवला. त्याचं डोकं मला पाठ आहे.

सोमवार, ७ एप्रिल. संध्याकाळ

पत्र ११.४० ला पोचलं. आठवा नंबर.

सही करण्याआधी सरांनी विचारलं, त्यांच्या मॅच पूर्ण बघितल्यास ना? मी म्हटलं, हो सर. हे खोटं नाही. सहाही मॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या कॉम्प्युटरवरून गेल्या. मधला भाग जरा वेगाने गेला, इतकंच.

सर पेन हातात धरून बसून राहिले. म्हणाले, माझं मन सहाव्याकडे जातंय, का ते सांगता येत नाही. मी म्हटलं, सर, मन वेगळं आणि पुरावा वेगळा. एकेचाळीसच्या एकेचाळीस क्लिप दाखवल्या. शेवटची संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, तू म्हणतोस ना, मग झालं. आणि सही केली.

आता सरांची नोकरी माझ्या हातात आहे, म्हणजे चांगल्या हातात आहे.

पाच वाजता मेहुण्याचा मेसेज. 'मनःपूर्वक आभार, भाऊजी. ताईलाही कळवावे, अतिशय आनंद झाला.' घाबरलेला माणूस फार नम्र होतो. हिला दाखवला. ही ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, त्यामुळे हिला सगळीकडे अपघात दिसतो. हिने मेसेज दोनदा वाचला. म्हणाली, हा एवढं शुद्ध कधीच लिहीत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

खेळाडूंना क्लिप दाखवल्या. खेळाडू मला हवामान खातं म्हणतात. माझ्या अंदाजांमुळे. आदराने. एरवी क्लिप संपल्या की थोडी थट्टा चालते, आज कोणी हसलं नाही. कॅप्टनने विचारलं, हा लंगडताना पायाकडे का बघत नाही? सरळ कॅमेऱ्याकडे का बघतोय? मी म्हटलं, दुखत असलं की माणूस कुठेही बघतो.

फिजिओबाई जाता जाता दारात थांबल्या. म्हणाल्या, दोन्ही गुडघे दुखणारा माणूस लंगडत नाही हो, नुसता सावकाश चालतो. लंगडायला एक तरी पाय चांगला लागतो.

त्यांचं शिक्षण गुडघ्यांचं आहे, आकड्यांचं नाही. मी वाद घातला नाही.

दुपारपासून दुसऱ्या फेरीची तयारी सुरू. पहिली माझ्याकडून झाली.

बुधवार, ९ एप्रिल

पेपरच्या क्रीडावार्ताहर बाईंचा फोन. 'पहिल्या फेरीत धक्के कुठे बसतील' असा लेख लिहितायत. इतक्या लोकांतून मलाच विचारलं. मी चारही मालिकांचा अंदाज दिला. दुसऱ्या नंबरला धोका चाळीस टक्के, त्यांचा गार्ड शिट्टीनंतर कोपर चोळतो. तिसऱ्याला पंचवीस टक्के. चौथा विरुद्ध पाचवा, कोणीही जिंको, त्याला धक्का म्हणत नाहीत. आमची मालिका: शून्य.

बाई म्हणाल्या, अगदी शून्य? एक-दोन टक्के तरी ठेवा, नंतर पंचाईत नको. मी म्हटलं, बाई, शून्यच छापा.

परतताना हॉलचा मॅनेजर भेटला. फर्निचर प्रदर्शनवाल्यांना २९ तारखेपासून हॉल हवाय म्हणे. म्हटलं, तेव्हा आमची दुसरी फेरी. तो म्हणाला, मीही तेच सांगितलं, तर म्हणाले, हरकत नाही, आम्ही थांबतो.

थांबतो म्हणजे? कशासाठी थांबतायत?

गुरुवार, १० एप्रिल

पेपरात आलं. शून्य मोठ्या अक्षरांत, खाली माझा फोटो. हिने कात्रण कापून ठेवलं नाही. नेहमी ठेवते.

सरांनीही वाचलं. पेपराची घडी घातली, मग त्या घडीची घडी, आणि खिशात ठेवला. खिसा फुगलेला दिसत होता.

शनिवार, १२ एप्रिल. सकाळी ६.३०

काल पहिली मॅच. ९६-७९. ९६ त्यांचे.

शांतपणे लिहितो. वॉर्म-अपला खांब लंगडत आला. मी खाली बेंचवरच्या सहायक कोचला फोन करून म्हटलं, बघितलंस? रेफरीने चेंडू वर उडवला आणि खांब पळाला. आमचा सेंटर वळेपर्यंत हा बास्केटखाली उभा. एकतीस पॉइंट, सतरा रिबाउंड.

पण एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. प्रत्येक शिट्टीनंतर तो लंगडतच होता. मी मोजलं. म्हणजे माझी माहिती शंभर टक्के खरी निघाली. खेळताना तो लंगडत नव्हता, पण खेळताना कोण काय करतं हा माझा विषयच नाही.

एक मात्र आवडलं नाही. तिसऱ्या क्वार्टरनंतर लंगडत बेंचकडे जाताना खांबाने मान वर केली. मी वर काचेमागे बसतो, तिथे बघितलं. आणि पाय बदलला. इतका वेळ डावा ओढत होता, आता उजवा. सावकाश, मला नीट दिसावं असा.

मी खुर्ची जरा मागे घेतली. उजेड डोळ्यांवर येत होता.

सोमवार, १४ एप्रिल. सकाळ

काल दुसरी मॅच. ८८-८१, त्यांचे. आम्ही शून्य, ते दोन.

काल खांब शिट्टीनंतरही लंगडला नाही. साधा चालत गेला. मी म्हटलं, उपचार चांगले झालेले दिसतात. कॅप्टन म्हणाला, आता त्याला गरज काय? आणि माझ्याकडे पाठ करून बूट सोडत बसला. नाडी ओढतच राहिला, गाठ सुटेना.

मॅचनंतर खेळाडूंच्या खोलीत एक शॉवर चालू होता, खाली कोणी नव्हतं. दहा माणसं आवाज ऐकत बसली होती. शेवटी सरांनी जाऊन बंद केला.

आज सकाळी फर्निचरवाले हॉलचं माप घेऊन गेले.

संध्याकाळी

हिने आल्या आल्या गाडीच्या किल्ल्या ठेवल्या आणि समोर बसली. सांगू लागली. हिचा भाऊ शाळेत असताना शर्यतीआधी आठवडाभर पाय ओढत फिरायचा. सगळ्यांना कीव यायची, कोणी याला मोजायचंच नाही. शर्यतीत हा पहिला. दर वर्षी. दर वर्षी लोक फसायचे.

आणि म्हणाली, शिट्टीनंतरचं बघायचं हे त्याला शिकवलं कोणी? तूच. आपल्या जेवणाच्या टेबलावर, बाटल्यांची झाकणं मांडून, तीन तास. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. तू काय बघतोस आणि काय बघत नाहीस, दोन्ही.

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तू क्लिप काढत होतास त्या रविवारी सांगितलं, अख्खं सांगितलं. तू हो हो म्हणालास. हेडफोन होते तुझ्या कानात.

हेडफोन ड्रॉवरमध्ये ठेवले. मग लक्षात आलं की याचा अर्थ माझी पद्धत आता दुसऱ्या टीमसुद्धा वापरतात. म्हणजे पद्धतीला मान्यता मिळाली.

संकल्प: उद्या सरांना सगळं सांगायचं. खरं खरं.

मंगळवार, १५ एप्रिल

सांगायला गेलो. सर खोलीत एकटेच आठव्या नंबरची मागच्या महिन्यातली एक मॅच बघत होते. पहिल्यापासून, सगळी. शेजारी खुर्ची रिकामी होती, बसलो.

तासभर बघितली. खांब पळत होता, उड्या मारत होता, पडून उठत होता. शिट्टी वाजली की लंगडत होता. खेळ सुरू झाला की परत पळत होता. त्यांचा संघ हरत होता, पण तेही कसं, सोपे सोपे चेंडू सोडून देऊन. वॉचमन कसलीतरी सही घ्यायला आला होता. दोन मिनिटं उभा राहिला, म्हणाला, उंच माणूस नाटकी दिसतो, आणि गेला.

सरांनी मॅच थांबवली. म्हणाले, ही तू बघितली नव्हतीस. प्रश्न नव्हता.

मग विचारलं, घरी सगळं ठीक ना? मधे तुझी झोप होत नव्हती म्हणालास. असं विचारायची काही गरज नव्हती. ओरडायला हवं होतं त्यांनी. ओरडले असते तर मी काहीतरी बोललो असतो.

सांगायचं राहून गेलं.

शुक्रवार, १८ एप्रिल

जिंकलो. काल त्यांच्या गावी तिसरी मॅच, ७४-७३. खांब पाच फाउल होऊन शेवटची नऊ मिनिटं बाहेर बसला होता. तो नसता तरी आपणच जिंकलो असतो. म्हणजे तो असता तरी.

आता दोन-एक. उरलेल्या दोन घेतल्या की झालं. शून्य अजून शून्यच आहे. दुसऱ्या फेरीची फाइल परत बाहेर काढली.

हॉटेलवर परतताना बसमध्ये खेळाडू जिंकल्यासारखे वाटत नव्हते. सर प्रत्येकाच्या सीटपाशी जाऊन काहीतरी हळू बोलले. कॅप्टनला स्वतःचं स्टॉपवॉच दिलं, म्हणाले, ठेव तुझ्याकडे. कॅप्टन घेत नव्हता. सरांनी त्याच्या मुठीत ठेवून मूठ मिटली.

सरांची आवराआवर चाललीय. फायनलच्या आधी माणूस असं हलकं होऊन घेतो.

माझ्यापाशीही थांबले. म्हणाले, जेवून घे. बाकी काही नाही.

रविवार, २० एप्रिल. सकाळ

काल चौथी मॅच. हाफटाइमला सोळा पॉइंटने पुढे होतो. मी फाइल उघडली. फाइल उघडी असतानाच चौथा क्वार्टर झाला. खांबाने एकट्याने बावीस केले. ८४-८९.

संपलं. या लीगमध्ये पहिल्या नंबरची टीम पहिल्या फेरीत आजवर कधी बाहेर पडली नव्हती.

मेहुणा जिना चढून वर माझ्याकडे आला. मला वाटलं, उड्या मारत येईल. तोंड उतरलं होतं. म्हणाला, भाऊजी, माफ करा. आम्ही नुसता खडा टाकून बघितला होता. मला खात्री होती, तुम्ही एक तरी मॅच पूर्ण बघाल आणि आम्ही उघडे पडू. मी त्याचं अभिनंदन केलं. काही तरी म्हणायलाच हवं होतं.

नंतर पत्रकार परिषद. त्या वार्ताहर बाई पहिल्या रांगेत. त्यांनी विचारलं, आठवा नंबर निवडला कोणी? सर पाणी प्यायले, त्यांनी ग्लास ठेवला आणि म्हणाले, मी. सही माझी आहे, निवडही माझी. बाईंनी परत विचारलं, तुमच्या विश्लेषकांनी तर शून्य टक्के सांगितलं होतं? सर म्हणाले, ते मी सांगायला लावलं होतं.

मी तिसऱ्या रांगेत होतो. प्रश्न विचारायचा माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो घेऊन उभं राहायचं, एवढंच होतं. शेजारच्या वार्ताहराला हवा असेल म्हणून त्याच्याकडे सरकवला.

गुरुवार, २४ एप्रिल

सर मंगळवारी क्लब सोडून गेले. निरोप समारंभ नको म्हणाले. दोन खोकी आणि एक छत्री, स्वतःच गाडीत ठेवली. मी त्या वेळी स्टोअररूममध्ये जुन्या केबल मोजत होतो. बऱ्याच निघाल्या.

आज मालकीणबाईंनी बोलावलं. जाताना हिला सांगून गेलो की बहुतेक माझंही आवरलं. बरं वाटलं सांगून. हलकं.

मालकीणबाईंचं टेबल काचेचं आहे. त्या म्हणाल्या, नवा कोच ठरला. माझा मेहुणा. पुढच्या महिन्यात येतोय. ज्याने आपल्याला हरवलं त्यालाच घ्यावं, असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, योग्य आहे.

मग म्हणाल्या, सर जाताना मला सांगून गेले, तुम्ही सहावा नंबर सुचवला होता. लेखी दिलं होतं म्हणे. त्यांनी ऐकलं नाही आणि तुमचा कागद फाडून टाकला. तुमच्यासारख्या माणसाला धरून ठेवा, असं शेवटचं बोलले. असंच झालं होतं ना?

टेबलाच्या काचेत माझं तोंड दिसत होतं. बाईंनी दोन वेळा विचारलं. मी मान हलवली.

हो म्हणून हलवली.

बाई म्हणाल्या, वाटलंच मला. सरांची खोली आता तुम्ही घ्या, तिला खिडकी आहे.

मला लाज वाटली. इतकी की जिन्यात बसावं लागलं. हे एकदाच लिहितो, परत लिहिणार नाही.

संकल्प: सरांना आज फोन करायचा. मग वर जाऊन मालकीणबाईंना खरं सांगायचं. या क्रमाने.

शुक्रवार, २५ एप्रिल

फोन केला नाही. सर दुपारी झोपतात.

शनिवार, २६ एप्रिल

केला नाही. आज खोली लावायची होती.

रविवार, २७ एप्रिल. सकाळी ११

सरांचा फोन आला. वाजून वाजून बंद झाला आणि लगेच परत आला. मी समोरच बसलो होतो. हिने आतून विचारलं, कोणाचा आहे? मी म्हटलं, मोबाइल कंपनीचा.